राखणीचे कान

आमच्या गावात बायका मोह वेचायला गटाने जातात, आणि त्यांच्यातली एक जण वेचत नाही. ती राखणीला बसते. कारण सरळ आहे. मोहफूल वेचणारी बाई जमिनीशी वाकलेली असते, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतं. सावली तालुक्यातल्या आमच्या पट्ट्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आजूबाजूच्या गावांत उन्हाळ्यात एखादं तरी अंगण असं असतं, जिथे मोह वाळत घातलेला असतो आणि तो वेचणारी राहिलेली नसते. म्हणून एकीने झाडाला पाठ लावून ताठ बसायचं, अधूनमधून काठी आपटायची आणि कान उघडे ठेवायचे. तीन उन्हाळे हे काम माझ्याकडे होतं. मला दिसत नाही.

पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना हे फोनवर सांगितलं तेव्हा कोणीतरी विचारलं, हे कायदेशीर आहे का. आंधळ्याच्या गायी देव राखतो अशी म्हण आहे. आमच्या गावाने ती उलटी करून आंधळीलाच राखणीला बसवलं, याची मला स्वतःला फार गंमत वाटायची. बायकांचा हिशेब मात्र पक्का होता. माझी वहिनी, म्हणजे मोठ्या भावाची बायको, जिच्या घरी मी राहते, तिने तो सगळ्यांसमोर मांडला. "डोळेवाली एका बाजूले पाह्यते. आमची बाई चारी बाजूनं आयकते." ठराव तिथेच पास झाला. मला कोणी विचारलं नाही, पण मी आतून सुखावले होते. त्याआधी कितीतरी वर्षं या गावात माझा उपयोग कोणाला सुचला नव्हता.

लहानपणी मी नुसती रातांधळी होते. दिवेलागण झाली की भिंत धरून चालायची. आईने पालेभाज्या खाऊ घातल्या, एका वैद्याने डोळ्यात काहीतरी जळजळीत घातलं, आणि चामोर्शीचा मामाही असाच आहे म्हणून सगळे गप्प बसले. पुढे चंद्रपूरला डिप्लोमा करताना मी संगणक निवडला त्याचं कारण कोणाला सांगितलं नव्हतं. वही-पुस्तकावर उजेड पाडावा लागतो. संगणकाचा पडदा स्वतःच उजेड देतो. संध्याकाळी लॅबमध्ये बाकीचं जग काळं झालं, तरी तेवढा चौकोन मला दिसायचा.

त्या चौकोनावर मी नोकरी केली. आधी नागपूर, मग पुणे. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांच्या मागचा पडदा कडेकडून मरत येतो आहे, नजर आक्रसत जाईल, आणि कधीतरी मधलंही जाईल. जाता जाता त्यांनी विचारलं, "घरात कोणाला ऐकू कमी येतं का? काही घरांत डोळ्यांमागून कानही जातात." मी नाही म्हणाले. मामाला येत नव्हतं, पण म्हातारपणी कोणाला येतं? मामा तेव्हा बाजेवर बसलेला असायचा. त्याला दिसायचं नाही आणि ऐकू यायचं नाही. मामी त्याच्या तळहातावर बोटाने ठोकायची, मग तो तोंड उघडायचा. ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण ते मला आठवायचंच नव्हतं.

नोकरी टिकवण्याची खटपट लिहायला बसले तर एक कंटाळवाणं पुस्तक होईल. अक्षरं मोठी केली. मग काळ्यावर पांढरी केली. मग इतकी मोठी केली की पडद्यावर एका वेळी दोनच शब्द मावायचे, आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत मी सुरुवात विसरायची. शेवटी स्क्रीन रीडर घेतला, म्हणजे पडद्यावरचं सगळं कानात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. सुरुवातीला मी त्याच्यावर चिडून रडले आहे. पण पुढे कानाला अशी सवय लागली की त्याचा वेग वाढवत नेला. शेजारच्या टेबलावरच्या पोरांना ते कुठलं तरी यंत्र बिघडल्यासारखं वाटायचं आणि मला एकेक अक्षर कळायचं. एका वर्षी दिव्यांग दिनाला कंपनीने मला स्टेजवर बोलावून गुच्छ दिला, आणि त्याच आठवड्यात हजेरीची नवी वेबसाइट आणली, जी स्क्रीन रीडरला वाचताच येत नव्हती. माझी हजेरी शिपाई लावायचा. तो गुच्छही त्यानेच नेला.

माझं खरं काम होतं लक्ष ठेवण्याचं. लोकांच्या कंपन्यांची सर्व्हरं चालू आहेत की बसली, हे आमची टीम रात्रंदिवस बघायची. बाकीचे रंगीत आलेख बघायचे. मला ते दिसत नव्हते, म्हणून मी त्यांचे आवाज केले. मेमरी भरत आली की जाड घुमणारा सूर, जोडणी तुटायला लागली की बारीक टिकटिक. हळूहळू असं झालं की पडद्यावर लाल व्हायच्या आधी मला कानात कळायचं, आणि मी म्हणाले की सगळे धावायचे. त्यावर मला बढत्या मिळाल्या. ते माझं नाणं होतं आणि ते खणखणीत वाजत होतं, हे सांगायला मी लाजत नाही.

एक दिवस मात्र असा गेला की तो मी अजून विसरलेले नाही. दुपारभर सगळं हिरवं होतं. माझ्या कानातही शांत. पोरं चहा पिऊन आली, आणि मग ग्राहकांचे फोन सुरू झाले. तिकडे अर्धं दुकान बंद होतं. आमच्याकडे इशारा देणारं यंत्रच बंद पडलं होतं, म्हणून इशारा आला नव्हता. नंतर कळलं की दोन पोरांना काहीतरी गडबड दिसली होती, पण बोर्ड हिरवा होता आणि मी काही बोलले नव्हते, म्हणून त्यांनी सोडून दिलं. आम्ही ते यंत्र दुरुस्त केलं. माणसांचं काय करायचं हे कोणाला सुचलं नाही.

घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा मी गावी आले. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आली होती, घरात इन्व्हर्टर बसवला, आणि माझी दुपारपासूनची पाळी ओसरीवर सुरू झाली. सकाळ मोकळी. म्हणून मोहाच्या दिवसांत पहाटे मी बायकांबरोबर जायची. रांगेत मधे मी, वहिनीच्या पदराचं टोक माझ्या हातात. रस्ताभर सगळ्या मोठमोठ्याने बोलत राहायच्या, कारण आवाज करत गेलेलं बरं. झाडाखाली पोचलं की त्या गप्प होऊन वेचू लागायच्या आणि माझं काम सुरू व्हायचं. फुलं ठप ठप पडत. त्यांचा गोड, जड वास डोक्यात चढायचा. त्या पलीकडे मी ऐकायची. वानर खाकरलं, चितळ ओरडलं, सातभाईंचा थवा एकदम कलकलला, की मी "उठा" म्हणायची आणि सगळ्या उठून एका जागी यायच्या. बहुतेक वेळा काही नसायचं. दोनदा होतं.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या आधी मला वाटायला लागलं की रातकिडे कमी झालेत. भावाला विचारलं, तो म्हणाला, धानावर फवारण्या किती वाढल्या, किडे कुठले राहतील. पटलं. स्क्रीन रीडरच्या आवाजातली धार गेल्यासारखी वाटत होती, ते मी नव्या अपडेटवर ढकललं. तक्रारही नोंदवली, चांगली खरमरीत. वेग थोडा कमी केला. मग आणखी थोडा. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या यंत्रांतला बिघाड सुरुवातीलाच पकडत आले होते, आणि इथे माझं सगळं शहाणपण कपाटात होतं.

तिसऱ्या उन्हाळ्यातल्या एका सकाळी आम्ही नाल्याकडच्या मोठ्या मोहाखाली होतो. फुलं भरपूर पडली होती, त्यामुळे बायका पांगल्या होत्या. वहिनी सगळ्यांत लांब, घाणेरीच्या झुडपांजवळ. एरवी तिच्या बांगड्यांवरून मला ती कुठे आहे ते कळायचं. त्या दिवशी बांगड्या येईनात, म्हणून मला वाटलं ती झाडाच्या पलीकडे गेली. बाकी सगळं निवांत होतं. होला घुमत होता. मी काठी आपटली आणि पाठ टेकून बसले. मला चांगलं आठवतं, मला तेव्हा फार बरं वाटत होतं.

मग डोक्यावरच्या फांदीवर वानर खाकरलं, अगदी जवळ, जाड आवाजात. मी ताडकन उठून ओरडले. माझ्या ओरडण्याबरोबर सगळ्या बायका ओरडल्या, टोपल्या बडवल्या, आणि त्या गोंधळात कोणीतरी वहिनीला ओढत माझ्या अंगावर आणून घातलं. घाणेरीतून तो उभा राहिला, आमच्याकडे बघितलं आणि नाल्यात उतरला, असं त्यांनी मला सांगितलं. वहिनीच्या पाठीमागेच होता. ती हात लांब करती तर त्याला लागला असता, असं एक जण म्हणाली आणि दुसरीने तिला गप्प केलं.

परतताना सगळ्या एकदम बोलत होत्या. भीती उतरताना माणसं बोलतात तशा. पुढची म्हणाली, "चितर केवढी ओरडली वो! दोनदा ओरडली."

"कधी?" मी विचारलं. मला चितळ ऐकूच आलं नव्हतं.

पुढची पावलं थांबली. माझ्यामागचीही थांबली. मग वहिनी हळू म्हणाली, "वानराच्या आधी. लय वेळ आधी."

"मंग तुमी उठल्या काऊन नाई?" मी म्हणाले.

वहिनीच बोलली. "झुडूप हाललं ते बी पाह्यलं मी. मंग तुह्याकडं पाह्यलं. तू आरामात बसली होती. म्हटलं, बाई काई बोलून नाई राह्यली म्हणजे डुक्कर असन. अन् वाकली परत."

तिच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. ती फक्त सांगत होती. तिथून घरापर्यंत आमच्यात कोणी मोठ्याने बोललं नाही, आवाज करत चालायचं असतं हेही आम्ही विसरलो.

भाऊ मला चंद्रपूरला कान तपासायला घेऊन गेला. काचेच्या लहान खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा. जाड सूर आले, मी दाबत गेले. मग काही नाही. मी वाट बघत बसले. बराच वेळ गेल्यावर दार उघडलं तेव्हा मी त्या माणसाला विचारलं, पुढचं कधी सुरू करणार? तो म्हणाला, "झालं ना मॅडम. वरचे सगळे सूर लावून झाले."

मला भीती वाटली. डोळे जाताना वाटली नव्हती इतकी. डोळे जात होते तेव्हा कान होते, आणि मी तरुण होते, आणि हट्टी होते. आता हट्टच तेवढा उरला होता. मामाची बाज दिसली. मला बरीच वर्षं काही दिसत नव्हतं, तरी ती बाज मला स्पष्ट दिसली, सुतळीसकट.

मी साहेबांना सांगितलं. ते माझ्याहून वयाने बरेच लहान आहेत, आणि फोनवर "आपण बघू" म्हणाले तेव्हा त्यांना काहीच दिसत नव्हतं हे मला कळलं. आता माझ्या टेबलावर ब्रेलची एक पट्टी आहे. पडद्यावरची ओळ तिच्यावर टिंबांच्या रूपात उठते आणि बोटांनी वाचायची. पन्नाशी ओलांडल्यावर मी ब्रेल शिकते आहे. बोटं मठ्ठ आहेत. जे मी एका श्वासात ऐकायची ते चाचपडायला मला निम्मी सकाळ लागते, आणि पोरं काम संपवून माझ्यासाठी थांबलेली असतात, अगदी प्रेमाने, ते मला सहन होत नाही. कानाची यंत्रंही घेतली. घरात बरी आहेत. मोहाखाली ती पानं, वारा, फुलं, सगळंच मोठं करतात, आणि कुठली सळसळ कुठून आली ते काही कळत नाही.

बायकांना मी अंगणात बोलावून सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतंच, त्यांनी ते माझ्याआधी ओळखलं होतं. एक जण म्हणाली, "भरवशाच्या म्हशीले टोणगा!" आणि सगळ्या हसल्या, मीही हसले. मग तीच म्हणाली, "आयकू येत नाई तं नाई. तू येऊन बस फक्त. तू बसली राह्यली का मन लागते आमचं."

वाघापेक्षा त्या वाक्याची मला जास्त भीती वाटली. मी नाही म्हणाले. पुन्हा पुन्हा म्हणाले. "मी बसली का तुमी आयकत नाई! पाह्यलं तरी उठत नाई!" मी इतकी ओरडले की भाऊ घरातून बाहेर आला.

वहिनीला मी वेगळं सांगून बघितलं. मोह सोड, त्याचं जे येतं ते मी देते. ती माझ्यावर अशी उखडली की दोन दिवस बोलली नाही. मोह हा तिच्या एकटीच्या हातचा आहे, भावालाही त्यात विचारत नाही ती. "तुह्या पगारानं मोह पडाचा थांबते का?" एवढंच म्हणाली. ती जाणार होती, राखणीला कोणी असो वा नसो. राखणीला बसायला कोणी तयारही नव्हतं, कारण बसणारीच्या घरचा मोह जातो. जिचा मोह जात नव्हता अशी गावात मी एकटीच होते.

शेवटी मीच मार्ग काढला. वहिनीने राखणीला बसायचं. तिचे डोळे चांगले आहेत, कान चांगले आहेत. आणि तिच्या वाटचा मोह मी वेचायचा. मोह वेचायला डोळे लागत नाहीत. टपोरं, रसाळ फूल हाताला लगेच कळतं. पान वेगळं, खडा वेगळा. माझी ब्रेलवरची मठ्ठ बोटं इथे बऱ्यापैकी चालतात. वहिनी म्हणते, माझ्या टोपलीत कचरा कमी असतो. एक अट मात्र मी घातली आहे. ती बसली की तिने बोलत राहायचं. तिचा आवाज जाड आहे, तो मला अजून येतो. किती उन्हाळे येईल ते डॉक्टरांना सांगता येत नाही.

तर आता मी वाकते. गुडघे टेकून, हात पसरून, मान खाली. पहिल्या दिवशी मानेवर वारा लागला आणि मला कळलं की इतके उन्हाळे या बायका काय घेऊन वाकत होत्या. मागे वहिनी बोलत असते. भाऊ कसा ऐकत नाही, मूलच्या बाजारातली वांगी कशी किडकी निघाली, काहीही. मी बोलण्याकडे लक्ष देत नाही, नुसता आवाज धरून असते. बोलता बोलता ती मधेच थांबते. श्वास घेते आहे, की झुडपाकडे बघते आहे, मला कळत नाही. तेव्हा मी उठू शकते. उठून ओरडायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि हे जगात कोणाला कळत असेल तर मला कळतं. पण मी उठत नाही. वहिनी काही बोलली नाही म्हणजे काही नसेल, असं मनाशी म्हणते आणि पुढचं फूल वेचते.